चंद्रवृक्ष आणि स्टुअर्ट रूसा

अरण्यात वणवा पेटला म्हणजे रानवाटा बंद होतात. मग आग विझविणाऱ्यांनी तेथे पोहोचावे कसे? अमेरिकेच्या वनखात्याने यासाठी हवाई छत्रीने थेट वणव्याजवळ उतरणाऱ्या धाडसी तरुणांची पथके उभारली. १९५३ साली अशाच एका पथकात स्टुअर्ट रूसा नावाचा तरुण होता.

रूसा यांचा जन्म १६ ऑगस्ट १९३३ रोजी कोलोरॅडो राज्यातील ड्युरँगो येथे झाला. पुढे ते वायुदलात वैमानिक झाले आणि १९६६ साली अंतराळवीर म्हणून निवडले गेले. अपोलो-१४ या चांद्रयानावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा वनखात्याच्या प्रमुखांना आपल्या या जुन्या सहकाऱ्याची आठवण झाली. चंद्राकडे बिया नेण्याची कल्पना त्यांनी मांडली. रूसांनी आपल्या खासगी सामानात धातूच्या लहानशा डब्यातून सुमारे ५०० बिया घेतल्या. त्यांत पाइन, रेडवुड, डग्लस फर, स्वीटगम आणि काश्मीरच्या चिनाराच्या कुळातील सायकॅमोर होते. तशाच काही बिया तुलनेसाठी पृथ्वीवर राखून ठेवल्या होत्या.

३१ जानेवारी १९७१ रोजी यान निघाले. ५ फेब्रुवारीला शेपर्ड व मिचेल चंद्रभूमीवर उतरले. रूसा मात्र मूळ यानात एकटेच चंद्राभोवती फिरत राहिले. यान चंद्राआड गेले की पृथ्वीशी संपर्कही तुटत असे. चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्यांची नावे लोकांच्या ओठी राहतात. यान राखणाऱ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. पण त्याने ते राखले नाही, तर उतरलेले परतणार कसे?

परतल्यावर मात्र विपरीत घडले. निर्जंतुकीकरण चालू असता बियांचा डबा निर्वात अवस्थेत फुटला. बिया एकमेकींत मिसळल्या. त्या निर्जीव झाल्या असाव्यात, असे शास्त्रज्ञांना वाटले. आमच्या मंगळवेढ्याचा शेतकरी ज्वारीचे बियाणे ओलीपासून, किडीपासून किती जपतो! या बियांनी तर चंद्राची फेरी आणि वर हा आघातही सोसला होता. तरीही त्या पेरल्या, आणि बहुतेक सर्व उगवल्या! ४०० हून अधिक रोपे तयार झाली. पृथ्वीवर राहिलेल्या बियांच्या रोपांत आणि यांच्यात काहीच फरक आढळला नाही.

१९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्यास २०० वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ही रोपे गावोगावी लावली गेली; काही ब्राझील, जपान, स्वित्झर्लंड येथेही गेली. लोक त्यांना चंद्रवृक्ष म्हणू लागले. परंतु कोणते रोप कोठे गेले, याची नीट नोंद कोणी ठेवली नाही. हळूहळू लोक ते सारे विसरले. १२ डिसेंबर १९९४ रोजी रूसांचे निधन झाले.

१९९६ साली इंडियाना राज्यातील एका शाळेच्या तिसरीच्या मुलांना एका शिबिराच्या आवारात चंद्रवृक्ष अशी पाटी असलेले झाड आढळले. त्यांच्या शिक्षिकेने ‘नासा’ या अंतराळसंस्थेकडे पृच्छा केली. तेथेही चंद्रवृक्षांची यादी नव्हती! मग शोध सुरू झाला. ठिकठिकाणांहून माहिती येत गेली आणि यादी वाढत गेली. वठलेल्या झाडांचीही तीत नोंद झाली.

रूसांची समाधी आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत आहे. २००५ साली त्या भूमीत एका चंद्रवृक्षापासून वाढविलेले सायकॅमोरचे रोप लावण्यात आले.