टी. बी. कुन्हा : ज्याची दाद कोठेच नव्हती असा बंदी

गोमंतकातील राष्ट्रीय चळवळीचे जनक म्हणून ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांचा जन्म २ एप्रिल १८९१ रोजी सासष्टीतील चांदोर येथे झाला. पाँडेचरी व पॅरिस येथे शिक्षण घेऊन ते विद्युत अभियंता झाले. १९२६ साली ते मायदेशी परतले आणि १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. पोर्तुगीज राजवटीने गोमंतकीयांचे स्वत्व कसे हिरावून घेतले, हे दाखविणारी त्यांची पुस्तिका १९४४ साली प्रसिद्ध झाली.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावास सभाबंदी मोडली आणि चळवळीला उधाण आले. जुलैत कुन्हांना पकडून आग्वादच्या किल्ल्यात अंधाऱ्या, दमट कोठडीत ठेवण्यात आले. लष्करी न्यायासनापुढे उभे केलेले ते गोव्यातील पहिले नागरिक मानले जातात. शिक्षा झाली आठ वर्षांची, आणि त्यांची रवानगी पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात झाली.

करवीर प्रकरणी १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. पण त्यांचा खटला मुंबईच्या हायकोर्टात उघडपणे चालला आणि वृत्तपत्रांतून गाजला. कुन्हांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. पकडणारे सरकार, न्याय देणारे सरकार आणि कोठडीची किल्लीही सरकारच्याच हाती. वृत्तपत्रांवर सेन्सॉरची कात्री. अशा कारभारात कैद्याची तक्रार ज्याच्याविरुद्ध असते त्याच्याच मेजावर जाऊन पडते. खरा अन्याय अंधाऱ्या कोठडीइतकाच या व्यवस्थेत होता.

१९५० साली त्यांची तुरुंगातून सुटका झाली, तरी पोर्तुगालबाहेर जाण्यास मनाई होती. १९५३ साली ते गुप्तपणे निसटून पॅरिसमार्गे मुंबईस पोहोचले. तेथे 'फ्री गोवा' हे पत्र काढून त्यांनी गोमंतकाचे गाऱ्हाणे जगाच्या कानी घातले. जे गाऱ्हाणे राजवट ऐकत नाही, त्याला दुसरा कान शोधावा लागतो, हाच त्यांच्या उत्तरायुष्याचा उद्योग झाला.

पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेले पेडणे व डिचोली हे महाल या लढ्यात सीमेवर होते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी पेडण्यातील तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रही चालून गेले. पुढच्याच वर्षी त्याच दिवशी पत्रादेवीजवळ निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या काळात पकडल्या गेलेल्यांपैकी अनेकांना तेच लष्करी न्यायासन आणि तेच आग्वाद पाहावे लागले.

कुन्हा २६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईस निवर्तले. मुक्त गोमंतक त्यांना पाहता आला नाही. १९६१ नंतर तेथील बंद्याला भारतीय घटनेचा आधार मिळाला. तिहारच्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्यावरील अत्याचाराबद्दल लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने रिट अर्ज म्हणून स्वीकारले. १९७९ च्या त्या निकालात तुरुंगात तक्रारपेट्या ठेवण्याचे व न्यायाधीशांनी बंद्यांना प्रत्यक्ष भेटण्याचे आदेश दिले गेले. गाऱ्हाणे तुरुंगाधिकाऱ्याने नव्हे, त्याच्याबाहेरच्या माणसाने तपासावे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले.

आग्वादचा तुरुंग २०१५ साली कोलवाळला हलला आणि २०२१ पासून जुनी वास्तू संग्रहालय म्हणून खुली आहे. तिथल्या कोठड्या पाहणाऱ्याने कोलवाळच्या तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे असते, हेही विचारावे. कुन्हांचे स्मरण त्या प्रश्नाने अधिक सार्थ होईल.