एल्व्हिस प्रेस्ली

एल्व्हिस ॲरन प्रेस्ली (जन्म : ८ जानेवारी, इ.स. १९३५, टुपेलो, मिसिसिपी - मृत्यू : १६ ऑगस्ट, इ.स. १९७७, मेम्फिस, टेनेसी) हा अमेरिकन गायक व चित्रपट अभिनेता होता. रॉक अँड रोल हा संगीतप्रकार घरोघरी पोहोचविणाऱ्या कलावंतांत त्याची प्रामुख्याने गणना होते. चाहते त्याला या संगीताचा राजा मानतात.

बालपण

एल्व्हिसचा जन्म दोन खोल्यांच्या घरात झाला. त्याचा जुळा भाऊ मृतावस्थेतच जन्मला. वडील व्हर्नन यांना स्थिर काम नव्हते; धनादेशात फेरफार केल्याबद्दल त्यांना तुरुंगवासही भोगावा लागला. आई ग्लॅडिस हिच्यावर एल्व्हिसचा विशेष जीव होता. चर्चमधील भक्तिगीते, कंट्री संगीत आणि कृष्णवर्णीयांचे ब्लूज ऐकत तो वाढला. इ.स. १९४८ मध्ये हे कुटुंब मेम्फिसला आले. शालेय शिक्षणानंतर त्याने काही काळ ट्रक चालविला.

कारकीर्द

५ जुलै, इ.स. १९५४ रोजी सॅम फिलिप्स यांच्या सन स्टुडिओत त्याने 'दॅट्स ऑल राइट' हे गीत ध्वनिमुद्रित केले. मूळ गीत आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचे होते. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीने त्याचा करार ३५,००० डॉलरना विकत घेतला आणि त्याच्या व्यवसायाची सूत्रे टॉम पार्कर याच्याकडे गेली. इ.स. १९५६ मधील 'हार्टब्रेक हॉटेल'ने त्याला देशभर कीर्ती मिळवून दिली. गाताना तो करीत असलेल्या अंगविक्षेपांवर टीका झाल्याने जानेवारी १९५७ मध्ये एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात त्याचे केवळ कमरेवरचे चित्रण दाखविले गेले.

इ.स. १९५८ मध्ये तो सक्तीच्या लष्करी सेवेत दाखल झाला. त्याच वर्षी त्याच्या आईचे निधन झाले. इ.स. १९६० मध्ये परतल्यावर पार्करने त्याला प्रामुख्याने हलक्याफुलक्या चित्रपटांत गुंतविले आणि त्याचे गायन मागे पडले. डिसेंबर १९६८ मधील दूरचित्रवाणी कार्यक्रमाने त्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली व पुढील वर्षापासून लास व्हेगासमधील त्याचे कार्यक्रम गाजू लागले.

ऱ्हास

इ.स. १९७३ मध्ये एल्व्हिसने दीडशेहून अधिक कार्यक्रम केले. त्याच वर्षी जुन्या ध्वनिमुद्रणांवरील रॉयल्टीचा हक्क आरसीएला सुमारे ५४ लाख डॉलरना विकण्यात आला. त्यातील निम्मा वाटा पार्करने घेतला. ऑक्टोबरमध्ये पत्नी प्रिसिलाशी त्याचा घटस्फोट झाला. पार्कर मूळचा डच होता व त्याच्याकडे अमेरिकेचे पारपत्र नव्हते. कॅनडातील इ.स. १९५७ चे मोजके कार्यक्रम वगळता एल्व्हिस परदेशात कधीच गायला नाही, याचे कारण अनेक चरित्रकार यातच शोधतात.

झोपेच्या, वेदनाशामक व उत्तेजक औषधांवरील त्याचे अवलंबित्व वाढत गेले. ही औषधे बहुतांशी डॉक्टरांनी लिहून दिलेली असल्याने तो त्यांस व्यसन मानत नसे. देह स्थूल झाला, बोलणे अडखळू लागले, तरीही दौरे थांबले नाहीत. २१ जून, इ.स. १९७७ रोजी रॅपिड सिटी येथे त्याने पियानोवर बसून 'अनचेन्ड मेलडी' गायले. थकलेल्या शरीरातही आवाजाची ताकद शिल्लक असल्याचे त्या चित्रणातून दिसते. पाच दिवसांनी इंडियानापोलिस येथे त्याचा अखेरचा कार्यक्रम झाला.

मृत्यू व त्यानंतर

पुढील दौऱ्यास निघण्याच्या दिवशीच तो ग्रेसलँड या निवासस्थानी स्नानगृहात मृतावस्थेत आढळला. तो ४२ वर्षांचा होता. हृदयक्रियेतील बिघाड हे मृत्यूचे कारण जाहीर करण्यात आले. मात्र शरीरात अनेक औषधांचे अंश सापडल्याने त्याविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले. त्याचे डॉक्टर जॉर्ज निकोपुलस यांची फौजदारी खटल्यातून निर्दोष मुक्तता झाली. तथापि रुग्णांना अतिरिक्त औषधे दिल्याबद्दल पुढे इ.स. १९९५ मध्ये त्यांचा वैद्यकीय परवाना रद्द झाला. मुलगी लिसा मेरी हिच्या हितरक्षणासाठी न्यायालयाने नेमलेल्या वकिलाने पार्करच्या व्यवहारांवर ठपका ठेवला.

ग्रेसलँड इ.स. १९८२ मध्ये जनतेसाठी खुले झाले आणि इ.स. २००६ मध्ये त्यास राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. एल्व्हिसला इ.स. २०१८ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक मरणोत्तर देण्यात आले.