धारावीचा बुरूज आणि वज्रेश्वरीचा नवस

शारदीय नवरात्रात वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढून जाणाऱ्या भाविकास, जगदंबेचे हे देवालय एखाद्या दुर्गासारखे तटबंद का, असा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर श्रीमंत चिमाजी अप्पा पेशवे यांच्या चरित्रात आहे.

बाळाजी विश्वनाथांचे हे कनिष्ठ पुत्र. थोरल्या बाजीरावांच्या तेजात त्यांचे नाव झाकोळले जाते, हे आम्हांस नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे. १७२८ मध्ये अमझेऱ्याच्या रणात त्यांनी माळव्याची वाट मोकळी केली. १७३६ मध्ये सिद्दी सातास रणांगणी ठेवले. देह मात्र श्वासविकाराने क्षीण. पत्नी रखमाबाई १७३० मध्ये निवर्तल्या. पदरी तान्हा सदाशिव, तेच पुढे पानिपतचे भाऊसाहेब.

१७३७ मध्ये ठाणे हाती आले. वसई मात्र येईना. तिच्याभोवती पाणी आणि दलदल. खाडीतून रसद पोहोचत आहे तोवर भूमीवरील वेढा व्यर्थच! त्या खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, म्हणजे आजच्या भाईंदरनजीक उत्तन-चौक येथे, धारावीची टेकडी आहे. तिच्यावर ज्याच्या तोफा, त्याची खाडी. हे उभय पक्ष जाणून होते, म्हणूनच ते ठाणे एकदा मराठ्यांकडे, एकदा पोर्तुगीजांकडे असे फिरत राहिले. मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी ते पुन्हा जिंकले. समुद्रावर मानाजी आंगऱ्यांचे आरमार होते. वसईचा श्वास कोंडला.

वसई मिळाल्यास किल्ल्यासारखे देऊळ बांधीन, असा नवस अप्पांनी वज्रेश्वरीस केला होता, असे परंपरा सांगते. देवीने परीक्षाही तशीच घेतली. तटाखाली सुरुंग पेरले. काही उशिरा उडाले आणि स्वकीयच धारातीर्थी पडले. किल्ला येत नसेल तर आपले मस्तक तोफेने आत उडवा, असे अप्पा उद्गारल्याची आख्यायिका आम्ही कीर्तनात सांगतो. ती खरी असो वा नसो, त्या छावणीतील जिवाची तगमग तीत उतरली आहे.

१६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी तहास मान्यता दिली. खरा चिमाजी येथे दिसतो. हजारो सैनिक गमावलेला सेनापती सूडाने पेटला असता तर नवल नव्हते. परंतु तहाने शिबंदीस सन्मानाने, शस्त्रांसह बाहेर पडू दिले. रहिवाशांस मुलाबाळांसह, चीजवस्तूंसह जाण्यास आठ दिवसांची मुदत मिळाली. शहर पडले, माणसे वाचली. उत्तनच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आजही तेथेच नांदते आहे.

नवस फेडला गेला, तटबंद देऊळ उभे राहिले. वसईच्या चर्चमधील घंटा देवालयांत गेल्या. भीमाशंकरी तशी एक आजही टांगलेली आहे. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले. बंधुवियोगानंतर अप्पा आठ महिनेही जगले नाहीत. १७ डिसेंबर १७४० रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. मुठेच्या काठी, ओंकारेश्वरापाशी त्यांची समाधी आहे.