ऑटिझम आणि शारीरिक आकर्षण: हेन्री कॅव्हेंडिश यांचे आयुष्य काय सांगते?

ऑटिझम असलेल्या प्रौढ मुलामुलींचे पालक दवाखान्यात येतात तेव्हा एक प्रश्न हमखास सगळ्यात शेवटी, उठता उठता विचारतात. मुलगा नोकरी नीट करतो, पण लग्नाचा विषय काढला की उठून आपल्या खोलीत जातो. किंवा मुलगी सरळ सांगते की तिला कुणाबद्दल तसे काही वाटतच नाही. डॉक्टर, हा आजार आहे का? लग्न लावून दिले की होईल ना सगळे सुरळीत?

तुमच्याही घरात हा प्रश्न असेल, तर आधी एका माणसाची ओळख करून देते. हेन्री कॅव्हेंडिश हे नाव तुम्ही शाळेत हायड्रोजनच्या धड्यात वाचले असेल. त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1731 रोजी फ्रान्समधील आजच्या नीस शहरात झाला. घराणे इंग्लंडमधले अतिश्रीमंत. ते दोन वर्षांचे असतानाच आई गेली. पुढे केंब्रिजमध्ये शिकले, पण 1753 साली पदवी न घेताच बाहेर पडले आणि लंडनमध्ये वडिलांच्या घरी राहू लागले. वडील लॉर्ड चार्ल्स स्वतः उत्तम प्रयोग करणारे होते. त्यांनीच मुलाला रॉयल सोसायटीच्या सभांना आणि जेवणांना सोबत न्यायला सुरुवात केली. 1783 साली वडील वारले, तोपर्यंत, म्हणजे वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत, बापलेक एकाच घरात राहिले. हेन्री यांनी लग्न केले नाही. त्यांच्या कुठल्या प्रेमप्रकरणाची नोंदही सापडत नाही.

त्यांचे वागणे त्या काळातल्या लंडनमध्येही चर्चेचा विषय होते. आवाज चिरका, बोलणे अडखळत, आणि तेही फार थोडे. पोशाख कित्येक वर्षे जुन्या फॅशनचा, एकाच पद्धतीचा. अनोळखी माणसाशी ओळख करून दिली की ते गोंधळून जात, कधी कधी तिथून पळच काढत. त्यांना ओळखणारे शास्त्रज्ञ नवख्यांना सल्ला देत, की त्यांच्याकडे बघून बोलू नका. जवळ उभे राहा आणि कुणालाच उद्देशून नाही अशा रीतीने विषय काढा. विषय आवडीचा असेल तर उत्तर येईल, आणि ते ऐकण्यासारखे असेल.

स्त्रियांच्या बाबतीत हा संकोच फारच वाढे. जेवणात काय हवे ते चिठ्ठीवर लिहून ते टेबलावर ठेवत, म्हणजे घर सांभाळणाऱ्या बाईंशी बोलावे लागू नये. जिन्यात एकदा मोलकरीण समोर आली म्हणून त्यांनी घराला दुसरा जिना बांधून घेतला, असेही सांगतात. रॉयल सोसायटीच्या मंडळींच्या जेवणातला एक किस्सा तर मला फार बोलका वाटतो. एका संध्याकाळी समोरच्या घराच्या वरच्या खिडकीत एक देखणी तरुणी उभी होती. जेवायला जमलेले सदस्य एकेक करत उठून तिला बघायला खिडकीपाशी गेले. कॅव्हेंडिश यांना वाटले, सगळे चंद्र बघताहेत. तेही लगबगीने गेले. खरा प्रकार कळल्यावर मात्र तोंड वाकडे करून परत फिरले.

या किश्श्यावर लोक दोन शतके हसत आलेत. मला त्यात हसण्यापेक्षा समजून घेण्यासारखे जास्त दिसते. ज्याला शारीरिक आकर्षण वाटत नाही, तो काही मनात इच्छा दाबून बसलेला नसतो. बाकीचे कशासाठी धावताहेत हेच त्याला चटकन उमगत नाही. तुमचा मुलगा कॉलेजमधल्या मित्रांच्या गप्पांत गप्प बसत असेल, तर शक्य आहे की तो लाजत नसून त्या गप्पा त्याला परक्या वाटत असतील.

आता डॉक्टर म्हणून एक खुलासा करायला हवा. कॅव्हेंडिश यांना ऑटिझम होता असे कुणीही ठामपणे म्हणू शकत नाही. त्यांच्या काळात हा शब्दच नव्हता. प्रसिद्ध न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी 2001 साली एका वैद्यकीय नियतकालिकात ही शक्यता मांडली आणि त्यासाठीचे पुरावे बरेच बळकट असल्याचे मत दिले. पण मेलेल्या माणसाला तपासता येत नाही. शिवाय बहुतेक किस्से जॉर्ज विल्सन यांच्या 1851 सालच्या चरित्रातून आले आहेत, म्हणजे कॅव्हेंडिश गेल्यावर चाळीस वर्षांनी, ऐकीव आठवणींवरून. त्यांची लैंगिक ओढ कमी होती की भीती जास्त होती, हेही आता कळायला मार्ग नाही. तरीही त्यांचे आयुष्य तुमच्यासमोर ठेवते आहे, कारण विल्सन यांनी त्यातून जो निष्कर्ष काढला तोच निष्कर्ष आजही घराघरात काढला जातो. त्यांच्या मते हा प्रेम, द्वेष, आशा, भीती काहीच न वाटणारा, नुसत्या बुद्धीवर चालणारा माणूस होता. थोडक्यात, स्त्रीची ओढ नाही म्हणजे काळीजच नाही.

हे मला पटत नाही. ज्याला माणसे नकोतच, तो आठवड्याच्या आठवड्याला दर गुरुवारी, अनेक दशके, रॉयल सोसायटीच्या मंडळींबरोबर जेवायला कशाला जाईल? त्यांची ही हजेरी जवळपास न चुकणारी होती. चार्ल्स ब्लॅग्डेन या डॉक्टर मित्राबरोबर त्यांनी अनेक वर्षे काम केले, 1780 च्या दशकात इंग्लंडभर प्रवास केले. पुढे दोघांत अंतर पडले, तरी मृत्युपत्रात ब्लॅग्डेन यांच्या नावे 15,000 पौंड होते, आणि त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. क्लॅपहॅमच्या मैदानात उधळलेली गाय एका बाईंच्या अंगावर धावून गेली तेव्हा कॅव्हेंडिश मध्ये पडले, त्यांना वाचवले आणि एक शब्दही न बोलता निघून गेले, अशीही आठवण सांगतात. आपल्या माणसांबद्दल त्यांना काही वाटत होते. ते दाखवायची रीत वेगळी होती.

आणि काम! 1766 साली त्यांनी ज्वलनशील हवेचा, म्हणजे आपल्या हायड्रोजनचा, स्वतंत्र वायू म्हणून अभ्यास मांडला. पाणी हे मूलद्रव्य नसून वायूंपासून बनते हे दाखवणारे त्यांचे प्रयोग 1784 साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या वर्षी हवेतला नायट्रोजन काढून टाकताना एक छोटासा बुडबुडा शिल्लक राहतो, फार तर एकशे वीसावा भाग, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. तो आर्गॉन होता हे 1894 पर्यंत कुणालाही कळले नाही. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी क्लॅपहॅमच्या घरी शिशाचे प्रत्येकी सुमारे 158 किलोचे दोन गोळे टांगून पृथ्वीची घनता मोजली. अंगाच्या उबेने हवा हलू नये म्हणून ते स्वतः खोलीबाहेर थांबत आणि दुर्बिणीतून आतले माप वाचत. त्यांचे उत्तर आले पाण्याच्या 5.48 पट. आजचे उत्तर 5.51 आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ऑटिझम असलेल्या प्रौढांमध्ये लैंगिक आकर्षण न वाटणे किंवा कमी वाटणे हे इतरांपेक्षा जास्त प्रमाणात आढळते, असे अभ्यासांतून दिसते. पण म्हणून ऑटिझम असलेल्या प्रत्येकाला आकर्षण वाटत नाही, असे अजिबात नाही. अनेकांना जोडीदार हवा असतो, ते प्रेमात पडतात, संसार करतात. भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांच्याबद्दलही ऑटिझमची शक्यता मांडली जाते. पत्रातल्या प्रश्नांची उत्तरे तक्ता करून पाठवणाऱ्या या माणसाने 1937 साली मार्गिट विग्नर यांच्याशी लग्न केले आणि 1984 साली मृत्यू येईपर्यंत ते टिकले. तेव्हा निदानाच्या कागदावरून अंदाज बांधू नका. विचारा.

विचारताना एक लक्षात ठेवा, की आपण ज्याला सरसकट ‘इंटरेस्ट’ म्हणतो त्यात तीन-चार निरनिराळ्या गोष्टी असतात. शरीराची ओढ ही एक. कुणाबद्दल प्रेम वाटणे ही दुसरी, आणि ती पहिलीशिवायही असू शकते. सोबत हवी असणे ही तिसरी. स्पर्श सहन होणे ही आणखी वेगळी. ऑटिझममध्ये स्पर्श, घाम, अत्तर, ओठांचा ओलावा अशा संवेदना काही जणांना असह्य होतात. अशा माणसाला ओढ असते, पण जवळीक नकोशी होते. काहींना स्वतःला नेमके काय वाटते आहे हेच ओळखायला वेळ लागतो. या सगळ्यांना ‘थंड’ म्हणणे म्हणजे ताप आलेल्या प्रत्येकाला मलेरियाची गोळी देण्यासारखे आहे.

वैद्यकीय तपासणी कधी करावी? आकर्षण वयात आल्यापासूनच नसेल, आणि त्या व्यक्तीला स्वतःला त्याचा त्रास होत नसेल, तर तो आजार नाही. स्वतःला अलैंगिक मानणाऱ्या माणसाला कामेच्छेच्या विकाराचे निदान लावू नये, असे मानसोपचारातली निदानपुस्तिकाही सांगते. त्यावर गोळी नाही, टॉनिक नाही, आणि रस्त्याकडेच्या तंबूतले चूर्ण तर नाहीच नाही. पण आधी असलेली इच्छा अलीकडे कमी झाली असेल, तर डॉक्टरांकडे जा. नैराश्य, थायरॉइड, मधुमेह, संप्रेरकांची कमतरता ही कारणे असू शकतात. औषधेही बघायला हवीत. ऑटिझममध्ये चिडचिडीसाठी दिले जाणारे रिस्पेरिडोन प्रोलॅक्टिन वाढवते आणि त्यामुळे इच्छा घटू शकते. चिंता किंवा नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांनीही असे होते. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका. मात्रा किंवा औषध बदलता येते का, ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

लग्नाबद्दल स्पष्ट सांगते. लग्न हा उपचार नाही. तुमच्या मुलाच्या आकर्षणाचा प्रश्न सोडवण्यासाठी दुसऱ्या घरातली मुलगी आणली, तर एका प्रश्नाचे दोन होतात, आणि त्या मुलीला कुणी काही विचारलेलेच नसते. निदान लपवून, इच्छा लपवून ठरवलेली लग्ने मी मोडताना पाहिली आहेत आणि न मोडता कुजतानाही पाहिली आहेत. दोघांना सगळे माहीत असेल, दोघांनाही शरीरसंबंधाशिवायची किंवा कमी संबंधांची सोबत चालणार असेल, तर तसा संसार होऊ शकतो. पण ते त्या दोघांनी ठरवायचे आहे, मावशीने नव्हे.

कॅव्हेंडिश श्रीमंत होते आणि पुरुष होते, म्हणून त्यांच्या नकाराला किंमत होती. त्यांना दुसरा जिना बांधता आला. तुमच्या घरातल्या मुलीला ही सोय नसते. ऑटिझम असलेल्या मुलींचे निदान अनेकदा उशिरा होते, शांत आणि आज्ञाधारक म्हणून त्या खपून जातात, आणि लग्नानंतर नको असलेला स्पर्श नाकारायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. लग्न ठरवायच्या आधी, किंवा ठरणार नसले तरीही, तिला शरीर, संमती आणि नकार याबद्दल स्पष्ट शब्दांत सांगा. सूचक बोलणे, लाजत सांगितलेली अर्धी वाक्ये तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

एकटेपणा हा मात्र वेगळा विषय आहे आणि तो गंभीर आहे. जोडीदार नको म्हणणाऱ्यालाही माणसे लागतात. कॅव्हेंडिश यांना दर गुरुवारचे जेवण होते: ठरलेली वेळ, ठरलेली माणसे, ठरलेला विषय. तुमच्या मुलाला बुद्धिबळाचा क्लब, ट्रेकिंगचा गट, रेल्वेच्या इंजिनांवर बोलणारे चार मित्र असे काही आहे का, हे पाहा. तुमच्यानंतर त्याला फोन कोण करणार, याची काळजी लग्नाच्या काळजीपेक्षा आधी करायला हवी.

कॅव्हेंडिश 24 फेब्रुवारी 1810 रोजी गेले. त्यांचे विजेवरचे बरेचसे काम त्यांनी कधी छापलेच नव्हते. ते जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी 1879 साली संपादित करून प्रसिद्ध केले.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा आपल्या प्रौढ मुलाला किंवा मुलीला काही वेळ एकट्याने बोलू द्या. समोरासमोर बोलणे जड जात असेल तर उत्तरे घरून लिहून आणली तरी चालतात. सध्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, आणि ती कधीपासून चालू आहेत, हे सोबत आणा.