हिमावर वाट काढणारा कारागीर : जोसेफ आर्मांड बॉम्बार्डियर

आमच्या लोणंदच्या परिसरांत बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर किंवा लग्नघरच्या सरबतांत. त्यामुळें बर्फानें गांवाची वाट बुजते म्हणजे काय होतें, याची कल्पना आपल्या विद्यार्थ्यांस सहसा येत नाहीं. परंतु वाट बंद झाल्याचें दुःख आपणांस अगदींच अपरिचित आहे असें मात्र नाहीं. याच सातारा जिल्ह्यांत जावळी-महाबळेश्वरकडील डोंगरांतल्या वाड्यांवरून भर पावसाळ्यांत रोग्यास डोलींत घालून, चिखल तुडवीत खालीं आणावें लागल्याच्या हकीकती आपण ऐकतों. ज्या देशांत वर्षांतले कित्येक महिने वाट बर्फाखालीं गाडलेली असते, तेथें या दुःखाशीं आयुष्यभर झुंजलेल्या एका कारागिराचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जोसेफ आर्मांड बॉम्बार्डियर याचा जन्म कॅनडा देशाच्या क्वेबेक प्रांतांत व्हॅलकूर नांवाच्या खेड्यांत १६ एप्रिल १९०७ रोजीं झाला. आठ भावंडांत तो सर्वांत वडील. त्याचा बाप आल्फ्रेड प्रथम शेती करी. पुढें त्यानें गांवांत दुकान घातलें. मुलाचा ओढा लहानपणापासून यंत्रांकडे. वयाच्या तेराव्या वर्षीं त्यानें घड्याळाच्या यंत्रावर चालणारें आगगाडीचें छोटें इंजिन तयार केलें. घरची मोटार या मुलानें खोलून टाकूं नये म्हणून बापानें त्याला एक मोडकी फोर्ड गाडी देऊन टाकली. मुलानें तिचें इंजिन दुरुस्त केलें, तें घसरगाडीवर बसविलें आणि मागें लांकडाचा पंखा जोडला. ३१ डिसेंबर १९२२ रोजीं, पंधरा वर्षांचा जोसेफ आणि त्याचा धाकटा भाऊ लिओपोल्ड ही विलक्षण गाडी घेऊन व्हॅलकूरच्या रस्त्यांतून गर्जत निघाले. गाडी चालली खरी, पण उघड्यावर गरगरणारा तो पंखा पाहून बापाच्या काळजाचें पाणी झालें. त्यानें ती तत्काळ मोडावयास लावली.

मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी वडिलांची इच्छा होती. त्याप्रमाणें त्यास शेरब्रूक येथील विद्यालयांत घातलेंही होतें. परंतु वयाच्या सतराव्या वर्षीं त्यानें वडिलांचें मन वळविलें व मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत उमेदवारी पत्करली. पुढें माँट्रियल शहरांत दिवसां काम व रात्रीं यंत्रशास्त्राचा आणि विजेचा अभ्यास, असा त्याचा क्रम होता. १९२६ सालीं, अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यानें आपल्या गांवींच मोटारदुरुस्तीचें दुकान उघडलें. १९२९ सालीं इव्होन लाब्रेक या कन्येशीं त्याचा विवाह झाला.

त्या काळीं क्वेबेकच्या खेड्यांतले रस्ते हिंवाळ्यांत कोणी साफ करीत नसे. लोक आपल्या मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत आणि घोड्याच्या उघड्या घसरगाडींतून थंडी-वारा सोशीत ये-जा करीत. मोटारीच बंद, तेव्हां दुरुस्तीचें कामही मंद. या रिकाम्या महिन्यांत बॉम्बार्डियर बर्फावर चालणारी गाडी बनविण्याचे प्रयोग करी. एक गाडी बनवावी, ती फसावी, पुन्हां खोलून नवी मांडावी, असें वर्षानुवर्षें चाललें होतें.

१९३४ सालच्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटांतील आवरणाच्या दाहानें आजारी पडला. शस्त्रक्रिया हाच एक उपाय होता, आणि इस्पितळ होतें सुमारें ५० किलोमीटरांवर शेरब्रूक येथें. मधला रस्ता बर्फानें बुजलेला. ज्या गाडीसाठीं बापानें इतके हिंवाळे खर्ची घातले, ती चालूं शकेल अशा स्थितींत नव्हती. मूल दगावलें. या प्रसंगावर आम्ही अधिक कांहीं लिहीत नाहीं. ज्याच्या घरीं असें घडलें असेल त्यास सांगावयास नको, आणि इतरांस सांगून कळावयाचें नाहीं.

आतां बर्फाशीं सामना करण्याचे मार्ग दोन. एक, बर्फ दूर सारून रस्ता मोकळा करणें; दुसरा, बर्फ तसाच ठेवून त्यावरून जाणें. पहिल्या मार्गाचा मोठा पुरस्कर्ता क्वेबेकमध्येंच होता. आर्थर सिकार्ड यानें मालमोटारीच्या तोंडाशीं बर्फ ओढून घेणारें व दूर उडवून देणारें यंत्र बसविलें, आणि १९२७ सालीं तें माँट्रियलजवळील उट्रमाँ गांवास विकलें. पण असलीं यंत्रें शहरास परवडत. डोंगरावरच्या एकाकी घरापर्यंत तीं कोण नेणार? बॉम्बार्डियरनें दुसरा मार्ग धरला.

चिखलांत फळी टाकून तीवरून चाललें म्हणजे पाय रुतत नाहीं, हें आपल्याकडील कोणीही शेतकरी सांगेल. भार पसरला म्हणजे जमिनीवरचा दाब कमी होतो. याच तत्त्वावर त्यानें चाकांभोंवतीं फिरणारे रुंद पट्टे बसविले. परंतु पट्टा ओढणाऱ्या दातेरी चाकांत बर्फ गच्च बसे आणि गाडी अडे. यावर त्यानें दातेरी चाकास रबराचें आवरण दिलें आणि पट्टा रबर व सुताचा केला. १९३७ सालीं या रचनेचें पेटंट त्यास मिळालें. पुढें घसरपट्ट्या, मागें इंजिन, आणि मध्यें सर्व बाजूंनीं बंद अशी खोली. या गाडीचें नांव बी-७, कारण तींत सातजण बसत. मागाहून बारा जणांची, वाटोळ्या खिडक्यांची बी-१२ निघाली. बंदिस्त खोली ही केवळ चैन नव्हे, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. तापानें फणफणलेला रोगी किंवा बाळंतीण उघड्या घसरगाडींतून नेणें म्हणजे एका संकटांतून दुसऱ्यांत टाकणें होय. या गाड्यांतून डॉक्टर रोग्यांकडे जाऊं लागले, मुलें शाळेंत आणि टपाल घरोघर पोंचूं लागलें. १९४२ सालीं त्यानें आपली कंपनी रीतसर स्थापिली, व महायुद्धांत सैन्यासाठींही पट्ट्यांच्या गाड्या बनविल्या.

पुढें दैवाची गति पाहा. १९४८ सालीं क्वेबेक सरकारनें हिंवाळ्यांतही रस्ते साफ ठेवण्याचा कायदा केला. लोकांच्या मोटारी बारमास धावूं लागल्या आणि बॉम्बार्डियरच्या गाड्यांचा खप झपाट्यानें उतरला. जो मोकळा रस्ता त्याच्या मुलाचे प्राण कदाचित् वांचविता, त्याच मोकळ्या रस्त्यानें त्याचा धंदा बुडावयाची वेळ आणली! पण तो हताश झाला नाहीं. जेथें रस्ताच नाहीं, तेथें आपली गरज आहे, हें त्यानें ओळखलें. १९५३ सालीं दलदलींत व बर्फांत सारखेंच चालणारें मस्केग नांवाचें यंत्र त्यानें काढलें. जंगलांत, तेलाच्या खाणींवर, विजेचे खांब रोवण्याच्या कामीं तें उपयोगी पडलें. पुढें त्याच्या कंपनीचीं पट्ट्यांचीं छोटीं यंत्रें, पुढें पातें लावून, शहरांतील पदपथांवरचा बर्फही सारूं लागलीं. बर्फावरून जाण्याची विद्या अशा रीतीनें बर्फ हटविण्याच्या कामीं आली.

१९५९ सालीं त्यानें एक-दोघांना बसावयाची हलकी स्की-डू गाडी बाजारांत आणली. तिच्या पहिल्या नमुन्यांपैकीं एक त्यानें उत्तर ओंटॅरिओंतील दुर्गम भागांत काम करणारे आपले मिशनरी मित्र फादर मॉरिस विमे यांस दिली. १८ फेब्रुवारी १९६४ रोजीं, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षीं, कर्करोगानें त्याचा अंत झाला. चाळीसांहून अधिक पेटंटें त्याच्या नांवें होतीं. व्हॅलकूर येथें त्याच्या नांवाचें संग्रहालय असून तेथें त्याचें मूळचें दुकान जपून ठेवलें आहे.

आपल्या देशांतही हिमालयाच्या घाटांत सीमा सडक संघटनेचे लोक दरवर्षीं बंदिस्त खोलीच्या यंत्रांत बसून बर्फाच्या भिंती कापतात, तेव्हां कोठें झोजीलासारखी खिंड वाहतुकीस खुली होते. पलीकडे पहाऱ्यावर असलेल्या जवानांत आपल्या सातारा जिल्ह्याचेही पुत्र असतात. तेव्हां दूर कॅनडांतल्या या खटाटोपाचें मोल आपणांस परकें वाटूं नये. बॉम्बार्डियरला आपलें मूल वांचवितां आलें नाहीं. परंतु त्या दुःखानंतर तो हात जोडून बसला नाहीं. पुढच्या हिंवाळ्यांत पुन्हां आपल्या दुकानांत गेला. दुसऱ्या कित्येक घरांतील रोगी वेळेवर इस्पितळांत पोंचले, ते त्या हिंवाळ्याच्या कामामुळें. आमच्या मतें या चरित्रांत शिकण्याजोगें आहे तें हेंच.