सुदेकचा पसारा

सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठीत एवढं सलग लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

मागच्या सेमिस्टरला व्हॉलीबॉल खेळताना माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर! ड्रॉइंगच्या शीट्स मित्रांच्या मागे लागून पूर्ण करून घेतल्या आणि मेसमध्ये डाव्या हाताने आमटी सांडत बसलो. अशाच एका कंटाळलेल्या संध्याकाळी लायब्ररीत फोटोग्राफीचं एक जाडजूड पुस्तक उघडलं. एका पानावर पाण्याचा ग्लास होता. बाकी काही नाही, नुसता ग्लास. तरी पान उलटवेना. फोटो काढणाऱ्याचं नाव योसेफ सुदेक. पुढे वाचलं तर या माणसाला उजवा हातच नव्हता.

सुदेकचा जन्म १८९६ चा, कोलीन गावातला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं. वडील रंगारी, ते हा लहान असतानाच गेले. पोरगा प्रागला जाऊन बुकबाइंडिंग शिकला. मग पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये इटलीच्या आघाडीवर तो जखमी झाला आणि हात कापावा लागला. एका हाताने पुस्तकं कशी बांधणार? शिकलेला धंदाच संपला. प्रागमध्ये जायबंदी सैनिकांसाठी एक मोठं वसतिगृह होतं, तिथे तो काही वर्षं राहिला. आधी हौस असलेली फोटोग्राफी त्याने तिथेच मनावर घेतली. खिडकीतून येणाऱ्या उन्हात बसलेल्या आपल्यासारख्याच सैनिकांचे फोटो काढले. १९२२ मध्ये रीतसर शिकायलाही गेला.

सिव्हिलवाल्यांनी त्याचे सेंट व्हायटस कॅथीड्रलचे फोटो बघायलाच हवेत. चौदाव्या शतकात सुरू झालेलं हे बांधकाम तेव्हा कुठे संपत आलं होतं. आपण असतो तर उंच खांबांचे फोटो काढले असते. सुदेकने आत पडलेल्या फळ्या, दोरखंड, हातगाड्या टिपल्या, वरून त्यांच्यावर धुळीतून उतरणाऱ्या उन्हासकट. त्यातले १५ फोटो १९२८ मध्ये संच म्हणून निघाले.

प्रागच्या एका अंगणातलं लाकडी खोपटं हा त्याचा स्टुडिओ. धाकटी बहीण बोझेना मदतीला. लग्न केलं नाही. वजनदार लाकडी कॅमेरा आणि तिकाटणं खांद्यावर टाकून तो गावभर हिंडायचा, हात कमी पडला की दात वापरायचा. १९४० मध्ये एका पुतळ्याची जुनी कॉन्टॅक्ट प्रिंट त्याच्या पाहण्यात आली आणि त्याने फोटो मोठा करणं जवळजवळ सोडूनच दिलं. कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापायची. जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. पण बारकावा असा, की काचेवरचा थेंबन्‌थेंब दिसतो.

त्याच सुमारास प्राग नाझींच्या ताब्यात होतं. रस्त्यात कॅमेरा लावणं धोक्याचं. मग त्याने आपल्याच खिडकीचे फोटो काढायला घेतले. दव, बर्फ, पलीकडचं वाकडंतिकडं झाड, आणि अलीकडे चौकटीत ठेवलेलं काहीबाही: ग्लास, कांदा, अंडं, सुकत चाललेलं फूल. युद्ध १९४५ ला संपलं, याची खिडकी मात्र १९५४ पर्यंत चालू होती! मला हे सगळ्यात जास्त आवडलं. नाइलाजाने सुरू केलेलं काम नाइलाज संपल्यावरही त्याला सोडवेना.

आणि तो काही टाकून द्यायचा नाही. चुरगळलेला कागद, चांदी, सुतळ्या, रिकामी खोकी, शिवाय शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्ड्सचे ढीग. (आमच्या रेक्टर सरांच्या इन्स्पेक्शनमध्ये तो नक्की नापास झाला असता.) पुढे खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने त्या ढिगाऱ्याचेच फोटो काढले आणि नाव दिलं ‘चक्रव्यूह’. कागदाच्या घडीवर पडलेला उजेड बघताना ही रद्दी आहे हे विसरायला होतं. १९७६ मध्ये तो गेला. ते खोपटं नंतर जळालं, आता तिथे तसंच दुसरं उभं आहे.

माझं प्लास्टर निघालं तेव्हा कापलेले दोन्ही तुकडे मी मागून घेतले. ते आता खोलीच्या खिडकीत आहेत. सकाळी साडेसातला तिथे ऊन येतं. मोबाइलवर आतापर्यंत सत्तावीस फोटो काढले, एकही जमलेला नाही. रूम पार्टनर म्हणतो, वास येतो, फेकून दे. परीक्षा होईपर्यंत तरी मुदत मागून घेतली आहे.