आईपाशी शिकलेली पंडिता

मंडळाच्या चिटणीसबाईंनी या वर्षी माझ्यामागे लकडाच लावला की, स्मरणिकेसाठी तुम्हीही चार ओळी लिहा. मी सातवी शिकलेली, घरकाम आटोपून दुपारी वाचनालयाची पुस्तके वाचणारी बाई; लिहिण्याची सवय ती कुठली? परंतु मागच्या सभेत एक विषय निघाला होता. सिडकोकडे एक-दोन घरी मुलांना शाळेत घातलेलेच नाही. आईवडील घरीच शिकवतात आणि पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवणार म्हणतात. काही भगिनींना तो वेडेपणा वाटला, काहींना कौतुक वाटले. मला मात्र पंडिता रमाबाई आठवल्या, कारण लहानपणी शाळा म्हणून त्यांनी पाहिलीच नव्हती. जे शिकल्या ते आईवडिलांपाशी.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मंगळूरकडचे. विद्येसाठी ते पुण्यास आले. त्यांचे गुरू पेशव्यांच्या वाड्यात बाईसाहेबांना संस्कृत शिकवीत. एका स्त्रीच्या तोंडून शुद्ध श्लोक ऐकले आणि शास्त्रीबुवांच्या मनाने घेतले की, आपणही आपल्या बायकोला शिकवायचे. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिले नाही. ती वारल्यावर, चाळिशी उलटल्यानंतर, गोदावरीच्या काठी (आपल्या पैठणावरून वाहते तीच गोदावरी) यात्रेस निघालेल्या एका ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना दिली. त्याच लक्ष्मीबाई. हे लग्न आज आपल्याला रुचणार नाही, आणि रुचूही नये. पण या मुलीला शास्त्रीबुवांनी खरोखरच शिकवले. त्यावर मोठा गहजब झाला. उडुपीला विद्वानांची सभा भरवून त्यांना जाब विचारला, तेव्हा त्यांनी ग्रंथांतले आधार काढून दाखवले की, वेद सोडून बाकीचे संस्कृत स्त्रियांनी शिकण्यास शास्त्राची आडकाठी नाही. त्यांना कोणी वाळीत टाकू शकले नाही. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी घर बांधले, विद्यार्थी ठेवले आणि त्यांच्याकडून पैही घेतली नाही.

त्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालता घालता घर कर्जात बुडाले होते. मूल सहा महिन्यांचे झाले नाही तोच सगळ्यांना घर सोडावे लागले. लहानग्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून एका हमालाच्या डोक्यावरून नेले. पुढची वर्षे तीर्थयात्रेतच गेली. देवळात बसून पुराण सांगायचे, लोक दक्षिणा, धान्य देतील त्यावर निभवायचे.

वडील म्हातारे झालेले, म्हणून रमाबाईंना शिकवण्याचे काम आईकडे आले. मला या लक्ष्मीबाईंचे फार नवल वाटते. आपल्याला भरल्या घरात, गॅसच्या शेगडीपाशी उभे राहून मुलाचा पाढा ऐकायला सवड होत नाही. या बाईंना रोज नवे गाव, नवी चूल, नवे पाणी. सकाळ झाली की कामे सुटत नसत, म्हणून त्या पहाटे अंधारातच मुलीला उठवून जवळ घेत आणि श्लोक म्हणवून घेत. आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत हा क्रम चालला. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना असे मुखोद्गत झाले. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे की, आईने माझे मन असे तयार केले की पुढचा अभ्यास मला फारशी कोणाची मदत न घेता करता आला. मराठी, कानडी, हिंदुस्तानी, बंगाली या भाषा त्या फिरता फिरता शिकल्या.

परंतु याच आईवडिलांनी मुलांना बाहेरच्या जगाचा वारा लागू दिला नाही. संस्कृताखेरीज दुसरी विद्या नको, कारण तिने माणूस संसाराच्या मोहात पडतो, असे त्यांचे मत. पोट भरण्याची एकही कला मुलांना शिकवली नव्हती, आणि ब्राह्मणाने मजुरी करावी हे तर मनातही येत नसे. १८७६-७७ च्या सुमारास मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार? होते नव्हते ते विकून झाले. रानात पाला खाऊन, पाणी पिऊन अकरा दिवस काढले. जीव द्यावा असे ठरत आले, तेव्हा भाऊ श्रीनिवास म्हणाला की, मी मिळेल ते काम करीन. पण उशीर झाला होता. आधी वडील गेले, काही आठवड्यांनी आई, मग थोरली बहीण. आईला खांदा द्यायला दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडे म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली. वय वीसही नव्हते. एवढे पाठांतर असलेल्या मुलीजवळ एक वेळच्या भाकरीचे साधन नसावे, ही गोष्ट वाचून मला त्या दिवशी जेवण गेले नाही.

पुढचे पुष्कळांना ठाऊक आहे. बहीण-भाऊ पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितांनी परीक्षा घेऊन पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास या वकिलांशी लग्न केले. मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हव्यात असे सांगितले. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. त्यावरून पुढे त्यांच्या शाळेतून पालकांनी मुली काढून नेल्या. त्याबद्दल ज्याचे त्याचे मत असो. येथे तो विषय नाही.

अमेरिकेत १८८७ साली इंग्रजी पुस्तक छापले, ते त्यांनी आईच्या स्मृतीस अर्पण केले. तेथेच बालवाडीचे शिक्षणही घेतले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन काढले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची विधवा होती. याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. शाळा पुढच्या वर्षी पुण्यास नेली. १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुली गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या. तेथे पुस्तकांबरोबर शेती, दुधाची गुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे सर्व होते. मुली खिळे जुळवीत आणि स्वतःच्या हाताने कमावून खात. हे त्यांनी कोठून घेतले, असे मला कोणी विचारले, तर मी अमेरिका सांगणार नाही. त्या रानातले अकरा दिवस सांगेन.

मनोरमेला मात्र त्यांनी घरी ठेवले नाही. विलायतेस व अमेरिकेत शिकवले, ती बी.ए. होऊन शारदासदनाची मुख्याध्यापिका झाली. १९१२ च्या सुमारास रमाबाईंनी गुलबर्ग्यास शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी ती सांभाळली. गुलबर्गा तेव्हा आपल्या या शहरासारखेच निजामाच्या राज्यात होते. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला रमाबाईंनी देह ठेवला.